‘सरकारी पैशाने गर्भ कापून स्टेम सेल’ : फिरत्या मेसेजमधला एकेक दावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीच्या ग्रुपवर, मुंबईकर मंडळांच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. सोबत काचेच्या बरणीतल्या गर्भाचा फोटो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : ग्रामीण रुग्णालयांत गर्भपात झालेले गर्भ मुंबईच्या प्रयोगशाळांना विकतात, तिथे सरकारी पैशाने ते कापून स्टेम सेल काढतात, महिनोन्‌महिने वाढवतात, हजारो मारतात, त्यातून आजवर एक आजार बरा झालेला नाही, जपानी शास्त्रज्ञाने नोबेल मिळवून भ्रूणाची गरजच संपवली, भारतात याला कायदा नाही, म्हणून करदात्यांनी हा पैसा बंद पाडावा. तळाला एक मोबाइल नंबर आणि ही ओळ : ‘गर्भहत्येशिवाय, स्वतःच्याच शरीरातले शुद्ध स्टेम सेल. गुडघे, पॅरालिसिस, ऑटिझम. शिबीर चिपळूण व कुडाळ.’

तळाच्या ओळीकडे शेवटी येऊ. एक गोष्ट मात्र आधीच मान्य करायला हवी. भ्रूणातून मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे जिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात ती पेशी) काढताना तो भ्रूण नष्ट होतो. हे गोड शब्दांत सांगण्याची सोय नाही आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्याला अडाणी म्हणण्याचं कारणही नाही. पण मेसेज त्या आक्षेपाबद्दल बोलतच नाही. तो भलतंच काहीतरी सांगतो.

‘गर्भपातातले गर्भ वापरतात’

फोटो नीट बघा. बरणीतल्या गर्भाच्या हाताची बोटं सुटी झालेली दिसतात. बोटं सुटी होतात ती फलनानंतर साधारण आठव्या आठवड्यात. मूलपेशींसाठी घेतात तो भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवसाचा, गर्भाशयात रुजण्याच्या आधीचा. त्याला हात नाही, हृदय नाही, मज्जासंस्थेची एक पेशी नाही. शे-दोनशे पेशींची पोकळ गोळी, व्यास ०.१ ते ०.२ मिलिमीटर, म्हणजे गाबोळीतल्या एका दाण्याहूनही लहान. बाहेरच्या थरातून पुढे वार (प्लासेंटा) होते. आत एका कडेला पेशींचा छोटा पुंजका चिकटलेला असतो, शरीराचे सगळे अवयव त्यातून घडतात. हवा असतो तो हा पुंजका.

पाळी चुकल्याचं बाईच्या लक्षात येतं तोवर भ्रूण रुजून आठवडा होऊन गेलेला असतो आणि पुंजक्याच्या पेशी आपापल्या कामाला लागलेल्या असतात. गर्भपाताच्या ऊतकातून भ्रूणीय मूलपेशी मिळत नाहीत त्या यामुळे. जाणकार इथे अडवतील : १९९८ मध्ये जॉन गिअरहार्ट यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गर्भपातानंतरच्या ऊतकातून जननपेशींच्या पूर्वज पेशी वाढवल्या होत्या. खरं आहे. पण ती वेगळी जात, वाढवायला आणि टिकवायला अवघड, आणि भ्रूणीय मूलपेशींचं आजचं काम तिच्यावर उभं नाही.

आता बरणीतलं पाणी. ते पाणी नसतं, फॉर्मालिन असतं. फॉर्मालिन पेशीतली प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं. पॅथॉलॉजीवाले ते वापरतात, कारण त्यात ऊतक कुजत नाही आणि आकार टिकतो. त्यात पडलेली पेशी मेलेली असते. जिवंत पेशी हवी असणारा माणूस फॉर्मालिन जवळपाससुद्धा ठेवणार नाही.

रुग्णालयात गर्भपातानंतरचं ऊतक जातं पिवळ्या पिशवीत. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे ते जाळायचं, दुर्गम ठिकाणी परवानगीने खोल पुरायचं, आणि प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडला की कचऱ्याची गाडी वेळेवर येईलच असं नाही, ही तक्रार रास्त. ती कचऱ्याची तक्रार आहे, भ्रूणविक्रीची नव्हे.

मग भ्रूण येतात कुठून? टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रांतून. एका उपचारात समजा दहा बीजांडं मिळाली, सात-आठ फळली, त्यातली तीन-चार पाचव्या दिवसापर्यंत पोचली. एक-दोन गर्भाशयात सोडतात, उरलेले उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. मूल झालं, दुसरंही झालं, आणि टाकीत दोन भ्रूण शिल्लक राहिले, अशी जोडपी प्रत्येक केंद्रात असतात. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ म्हणतो की भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवायचा. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. विकायचा नाही. भ्रूण विकला तर पहिल्या गुन्ह्याला पाच ते दहा लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षं कैद आणि त्यावर दहा ते वीस लाखांचा दंड.

‘हजारो भ्रूण मारतात, महिनोन्‌महिने वाढवतात’

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये माणसाच्या भ्रूणीय मूलपेशी पहिल्यांदा वाढवल्या, त्याचा हिशेब छापलेला आहे. दान मिळालेले ३६ भ्रूण घेतले. त्यातले २० पाचव्या दिवसाच्या अवस्थेला पोचले. १४ मधून आतला पुंजका वेगळा काढता आला. त्यातून सेल लाइन तयार झाल्या पाच. सेल लाइन म्हणजे एकाच भ्रूणापासून निघालेली, सतत विभागत राहणारी पेशींची पैदास. त्या पाचांपैकी ‘एच-९’ आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. दर प्रयोगाला नवा भ्रूण लागत नाही. गोठवलेली कुपी मागवायची, ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवायची आणि वाढवायची.

गळती इतकी का होते, तेही सांगायला हवं, कारण ‘मारतात’ म्हणणाऱ्याला टेबलावर काय चालतं याची कल्पना नसते. वितळवताना काही भ्रूण जगत नाहीत. जगलेल्यांतले काही पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत (गर्भाशयातही बरेच पोचत नाहीत). पोचलेल्याचं बाहेरचं कवच एन्झाइमने विरघळवायचं, मग बाहेरच्या थराला प्रतिद्रव्य लावून तो थर फोडायचा. वेळ चुकली तर आतल्या पेशीही जातात. उरलेला पुंजका ठेवायचा उंदराच्या पेशींच्या गादीवर. या पेशी आधी मायटोमायसिन हे औषध देऊन विभागण्यापासून थांबवलेल्या असतात. पुंजका चिकटला तर दहा-पंधरा दिवसांत एक चपटी वसाहत दिसते, कडा स्वच्छ, पेशी दाटीवाटीने बसलेल्या. कडा विस्कटून पेशी लांबट होऊ लागल्या तर समजायचं की त्या मूलपेशी राहिल्या नाहीत, भलत्याच कशात तरी बदलायला लागल्या. तिथून पुढे दर पाच-सहा दिवसांनी वसाहत तोडून नव्या थाळीत लावायची, गुणसूत्रं ४६ आहेत का पाहायची, मायकोप्लाझ्मा हा जंतू शिरलाय का तपासायचं. फार काळ वाढवलेल्या लाइनमध्ये १२, १७ आणि २० या गुणसूत्रांचे जादा तुकडे आढळतात. अशा पेशी जोमाने वाढतात, म्हणून नवख्याला बऱ्या वाटतात, आणि माणसाला देण्याच्या कामाच्या त्या उरत नाहीत.

राहिली महिनोन्‌महिन्यांची गोष्ट. अखंड भ्रूण वाढवायची मर्यादा १४ दिवस. ब्रिटनच्या वॉर्नक समितीने १९८४ मध्ये ती सुचवली, १९९० मध्ये तिथे कायदा झाला, भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ती आहे : १४ दिवस किंवा पाठीच्या अक्षाची पहिली रेघ उमटणं, जे आधी होईल ते. २०१६ पर्यंत तर इतके दिवस तग धरणारा भ्रूण कुणाला बाहेर वाढवताच आला नव्हता. त्या वर्षी केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या दोन गटांनी १२-१३ दिवस गाठले आणि नियमाला धरून प्रयोग तिथेच थांबवले. २०२१ मध्ये स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नियमावलीत ही मर्यादा सैल केली. त्याबद्दल वाद घालायला भरपूर जागा आहे. मेसेजला त्याचा पत्ता नाही.

‘एकही आजार बरा झाला नाही’

पाच-सात वर्षांपूर्वी या वाक्यात बरंच तथ्य होतं. अमेरिकेत जेरॉन कंपनीने २०१० मध्ये मणक्याच्या दुखापतीवर पहिली चाचणी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी पैशाचं कारण देऊन बंद केली. उशीर का लागतो याचं साधं उत्तर : मूलपेशी जशीच्या तशी टोचता येत नाही. टोचली तर गाठ होते, आणि त्या गाठीत केस, दात, कूर्चा असं काहीही सापडतं. हव्या त्या पेशीत तिला टप्प्याटप्प्याने काही आठवडे वळवावं लागतं आणि न वळलेल्या पेशी चुकून राहिल्या नाहीत याची खात्री करावी लागते.

आता बघा. टाइप १ मधुमेहावर भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशींच्या चाचणीचे निकाल जून २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. पूर्ण डोस मिळालेले १२ जण. डोस सुमारे ८० कोटी पेशींचा, यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून. वर्षभरानंतर त्यातल्या १० जणांना इन्शुलिनचं इंजेक्शन लागत नव्हतं. याच चाचणीत दोन माणसं दगावली हेही त्याच लेखात आहे. त्यातल्या एकाला मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा संसर्ग झाला होता. परक्या पेशी शरीराने फेकून देऊ नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि हा धोका त्या औषधांबरोबर येतो. म्हणून हा उपचार सध्या शुगर अचानक जीवघेणी खाली जाणाऱ्यांपुरता तपासला जातो आहे. तालुक्याच्या दवाखान्यात तो लवकरच मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

‘नोबेलनंतर भ्रूणाची गरज संपली’

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकं घालून मूलपेशींच्या अवस्थेला परत नेल्या. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं. मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि अर्धा बरोबर. एखाद्या रोग्याचाच आजार थाळीत अभ्यासायचा असेल तर यामानाकांची पद्धत सरस. तिथे भ्रूण वापरायचं कारण नाही, आणि तशा प्रस्तावाला संशोधन तपासणाऱ्या समितीने नकारच द्यावा.

उरलेला अर्धा असा. ती चार जनुकं निवडली २४ उमेदवारांमधून, आणि ते २४ बहुतांशी भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासातून पुढे आलेले. नव्या पद्धतीची पेशी खरोखर मूलपेशी झाली का, हे ठरवायला मोजपट्टी भ्रूणीय पेशीचीच. शिवाय पेशीला मागे नेताना तिच्यात बदल होऊ शकतात. जपानमध्ये २०१४ ला अशा पेशी वापरून डोळ्याच्या पडद्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली, पण दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसले म्हणून २०१५ मध्ये काम थांबवावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ने पार्किन्सनच्या दोन छोट्या चाचण्या एकत्र छापल्या, एक भ्रूणीय पेशींची १२ जणांवर, दुसरी यामानाका पद्धतीची सात जणांवर. कोणती पुढे टिकते हे दोन्ही चालू ठेवल्याशिवाय कळणार नाही.

‘भारतात कायदा नाही’

२०२१ चा कायदा वर आलाच. त्याखेरीज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची मूलपेशी संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, शेवटची २०१७ ची. आधीच्या, २००७ च्या आवृत्तीच्या नावात ‘उपचार’ हा शब्द होता. २०१३ मध्ये तो मुद्दाम काढला, कारण क्लिनिकवाले त्याच्या आडून दुकान चालवत होते. प्रत्येक संस्थेत स्वतंत्र समिती हवी, तिची राष्ट्रीय समितीकडे नोंदणी हवी. संशोधनासाठी नव्याने भ्रूण बनवणं ‘निर्बंधित’ गटात, क्लोनिंगने मूल जन्माला घालणं ‘निषिद्ध’.

तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, त्यांना दात कमी, ही टीका योग्यच. पण दात कुठे कमी पडतात? खाजगी क्लिनिकमध्ये, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत नाही. तिथे समितीच्या मंजुरीशिवाय पैसाच सुटत नाही.

‘आमच्या करातून पाप नको’

खरा वाद इथे आहे. तळकोकणातल्या कॅथलिक कुटुंबांना चर्चची भूमिका ठाऊक असते : फलनापासूनच तो माणूस. बरेच मुस्लिम फकीह (धर्मशास्त्राचे जाणकार) १२० दिवसांनंतर रूह, म्हणजे आत्मा, येते असं धरतात. हिंदूंमध्ये निकाल देणारं एक पीठ नाही आणि मतंही एक नाहीत. एकाच गावात ही सगळी माणसं कर भरतात. पाचव्या दिवसाचा भ्रूण म्हणजे पूर्ण माणूस, असं ज्याला मनापासून वाटतं त्याला ‘तो तसाही नष्ट होणारच होता’ हे उत्तर पुरत नाही. मरू देणं आणि आपल्या हाताने संपवणं यांत फरक आहे असं तो म्हणेल, आणि ते म्हणणं पोकळ नाही.

आमचा मतभेद पुढच्या पायरीवर आहे. सरकारी पैसा बंद केला की भ्रूण वाचतात, हे गृहीतक चुकीचं आहे. अमेरिकेत १९९६ पासून भ्रूण नष्ट होणाऱ्या संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा देता येत नाही. तरी थॉमसन यांचं १९९८ चं काम झालंच. ते झालं जेरॉनच्या खाजगी पैशावर, आणि त्यातून घडणाऱ्या काही पेशींचे व्यापारी हक्क त्या कंपनीकडे गेले. ९ ऑगस्ट २००१ ला अध्यक्ष बुश यांनी तडजोड काढली : त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या लाइनवरच केंद्राचा पैसा. त्या यादीत भारतातल्या दहा लाइन होत्या, मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन. साठावर लाइनची यादी, प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती येऊ शकल्या त्या २१ च्या आसपास. ज्यांना इतर लाइनवर काम करायचं होतं त्यांनी खाजगी पैशातून वेगळे इनक्युबेटर, वेगळे मायक्रोस्कोप घेतले. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये मतदान घेऊन तीन अब्ज डॉलरचे रोखे काढले. काम कुठेही थांबलं नाही, फक्त देखरेख तुकड्यातुकड्यांत वाटली गेली. २००९ मध्ये ओबामांनी धोरण बदललं तेव्हा पैशाबरोबर अटी आल्या : भ्रूण मूल होण्यासाठीच बनवलेला आणि आता नको असलेला असावा, मोबदला नसावा, जोडप्याला सगळे पर्याय सांगितलेले असावेत, नकार दिला तर उपचारात फरक पडू नये.

आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ या लाइन तयार झाल्या, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात ‘बीजेएनहेम-१९’ आणि ‘२०’. दोन्ही सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था. काय केलं, कशातून केलं, हे छापील निबंधांत आहे, आणि हवं तर माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. खाजगी कंपनीकडे तो टाकून बघा.

सरकारी पैसा म्हणजे आपोआप शुचिर्भूत, असं मात्र नाही. दक्षिण कोरियाचे मूलपेशी संशोधक ह्वांग वू-सुक यांना सरकारने डोक्यावर घेतलं होतं. २००५ च्या त्यांच्या निबंधातल्या अकराच्या अकरा लाइन बनावट निघाल्या. त्या खटाटोपात दोन हजारांवर बीजांडं वापरली गेली होती, काही पैसे देऊन घेतलेली, काही हाताखालच्या संशोधक मुलींची. बीजांडं काढण्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं देतात. त्याने अंडाशय सुजून पोटात पाणी भरू शकतं, क्वचित जिवावर बेततं. आमच्या मते नैतिकतेचा सगळ्यात कळीचा प्रश्न हा आहे : गरजू बाईच्या शरीराचा. आपल्या कायद्यात बीजांडदात्रीला आयुष्यात एकदाच दान करता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजांडं काढता येत नाहीत, ते यासाठीच. बोटं सुटलेल्या गर्भाचा फोटो लावणाऱ्या मेसेजमध्ये बाईबद्दल एक अक्षर नाही.

ज्यांना तरीही आपला पैसा नको आहे त्यांच्यासाठी जर्मनीचा मार्ग आहे. तिथे भ्रूणातून नवी लाइन काढायला बंदी, बाहेर ठरावीक तारखेआधी बनलेल्या लाइन आयात करायला परवानगी. आधी १ जानेवारी २००२ ही तारीख होती, २००८ मध्ये ती १ मे २००७ केली. ही मागणी भारतात करता येईल, तिच्यावर चर्चा होऊ शकेल. आम्ही तिच्या विरोधात बोलू, पण ती विचार करून केलेली मागणी असेल.

आणि तो मोबाइल नंबर

‘स्वतःचेच शुद्ध स्टेम सेल’ म्हणून शिबिरात काय टोचतात? बहुतेक वेळा तीनांपैकी एक : रक्त फिरवून काढलेला प्लेटलेटचा भाग (यात मूलपेशी नसतातच), कमरेच्या हाडातून ओढलेला मगज (अस्थिमज्जा), नाहीतर पोटाच्या चरबीतून काढलेल्या मिश्र पेशी. ‘स्वतःच्याच’ म्हणून निर्धोक, असं नाही. फ्लोरिडात चरबीच्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन बायकांची दृष्टी गेल्याचं २०१७ मध्ये छापून आलं. मगजातल्या मूलपेशींचा सिद्ध झालेला उपयोग रक्ताच्या कर्करोगासारख्या आणि थॅलेसेमियासारख्या आजारांत आहे. टाटा रुग्णालयात १९८३ पासून मज्जा प्रत्यारोपण होतं. त्यासाठी आठवडेच्या आठवडे निर्जंतुक खोलीत राहावं लागतं, लॉजच्या हॉलमध्ये ते होत नाही. ऑटिझमसाठी मूलपेशी देऊ नयेत आणि तशी जाहिरात करणं गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे.

मान्य यादीतल्या रक्ताच्या आजारांपलीकडे मूलपेशी द्यायच्या तर ती चाचणीच असावी लागते. म्हणून फोन लावणारच असाल तर आधी सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा. त्यात वर्ष, महिना आणि पुढे अनुक्रमांक असतो, तो सरकारी संकेतस्थळावर शोधता येतो. सापडला तर त्या नोंदीत तुमचाच आजार, तेच केंद्र आणि तोच डॉक्टर आहे का ते बघा. दुसऱ्याच कुणाचा क्रमांक दाखवायचे प्रकार होतात. मग विचारा, पैसे किती? चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ‘पॅकेज’ सांगितलं की ती चाचणी नव्हे. संमतीपत्राची प्रत घरी न्यायला मागा. इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

पैसे भरून झाले असतील तर जाहिरात, पावती आणि टोचलेल्या कुपीच्या लेबलचा फोटो जपून ठेवा. डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते, कुपीबद्दलची जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. लेबलवर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक नसेल तर अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा.